पंधरा पोरं जमत नाहीत म्हणून

गेल्या डिसेंबरात आमच्या गावच्या खेळाच्या क्लबची वार्षिक सभा झाली. गाव आयर्लंडच्या गॉलवे काउंटीतलं, पूर्वेकडचं. एक चर्च, एक पब, एक छोटी शाळा आणि बाकी सगळी दगडी बांधांची कुरणं. क्लबहाउसात चाळीसेक माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसलेली, कोपऱ्यात चहाच्या पाण्याची टाकी खदखदत होती आणि तिच्यावर आवाज चढवूनच बोलावं लागत होतं. विषय एकच होता: शेजारच्या पॅरिशच्या, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतल्या, क्लबात विलीन व्हायचं की नाही. सेक्रेटरीने कागद वाचला. सोळा वर्षांखालची मुलं आपल्याकडे नऊ, शेजाऱ्यांकडे आठ, बेरीज सतरा, म्हणजे पंधरांचा संघ आणि वर दोन राखीव. एवढं सांगून तो खाली बसला. मग सत्तरीतला एक शेतकरी उठला. "त्यांची जर्सी माझ्या नातवाच्या अंगावर बघायच्या आत माझे डोळे मिटोत," म्हणाला. टाळ्या पडल्या. पुढचे दोन तास एक बाजू बेरीज करत राहिली आणि दुसरी शपथा घेत राहिली. शेवटी ठराव पुढे ढकलला आणि सगळे गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दव खरवडून घरी गेले.

मी इथे अकरा वर्षं आहे. माझी मुलगी या क्लबात कॅमोगी, म्हणजे मुलींचं हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ), खेळते आणि सामन्याच्या दिवशी मी पिवळं जाकीट घालून गाड्या लावून देतो. क्लबातला माझा हुद्दा तेवढाच. पण हा वाद फक्त आमच्या गावचा नाही. पश्चिमेकडच्या आणि उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या काउंट्यांत गावोगाव तो चालू आहे, आणि सगळीकडे तो असाच, बेरीज विरुद्ध शपथ असा, वाईट रीतीने घातला जातो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. संघ खुशाल एकत्र करा, क्लब बुडवू नका. आणि त्याच्याही आधी, पंधरा हा आकडा देवाने दगडावर कोरून दिलाय असं मानणं सोडा. बेरीजवाले क्लबला संघ समजतात, शपथवाले क्लबला रक्त समजतात. आयर्लंडच्या खेड्यांतल्या या क्लबांचा इतिहास थोडा चाळला तरी दोघांचंही चुकतं हे दिसतं.

शपथवाल्यांपासून सुरू करू, कारण त्यांची बाजू ऐकायला गोड आहे. त्यांच्या डोक्यातला क्लब अनादि आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर अठराशे सत्त्याऐंशी किंवा अठ्ठ्याऐंशी असं साल, आजोबा खेळले, पणजोबा खेळले, सलग. सलग? हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल चालवणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावात एका हॉटेलात जमलेल्या मूठभर माणसांनी स्थापन केली. मायकेल क्युसॅक हा बोलावणारा, मॉरिस डॅव्हिन पहिला अध्यक्ष. दोन-तीन वर्षांत देशभर वणव्यासारखे क्लब उभे राहिले आणि १८९० च्या अखेरीस राष्ट्रवादी नेता पार्नेल याच्या प्रकरणावरून देश दुभंगला तेव्हा तितक्याच झपाट्याने विझलेही. भावा-भावांत, पाद्री आणि पोरांत भांडणं लागली, संघटना मरता मरता वाचली. बिल्ल्यावरचं साल खरं असतं, पण त्या सालापासून आजपर्यंतची रेघ सरळ नसते. मधे क्लब बंद पडलेले असतात, दुसऱ्या नावाने उठलेले असतात, शेजाऱ्यांत जाऊन परत आलेले असतात. आमच्याच क्लबहाउसात, चहाच्या टाकीच्या अगदी वर, एक जुना काळा-पांढरा फोटो आहे. १९५० च्या दशकातला संघ, दोन रांगा, आणि निम्म्या पोरांच्या जर्सीवर आडवा पट्टा, निम्म्यांच्या कोऱ्या. म्हणजे दोन क्लबांचा जोडसंघ. त्या दशकात चार लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली, कुठल्या गावात पंधरा उरणार होते? सभेत त्या फोटोखाली उभं राहून लोक शपथा घेत होते. वर कुणी पाहिलं नाही.

आणि क्लब म्हणजे आपल्या पॅरिशची मुलं, बाहेरचा कुणी नाही, हा जो अभिमान आहे, त्याचीही मुळं तितकी पवित्र नाहीत. पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा १८८७ ची. हर्लिंगचा अंतिम सामना झाला १ एप्रिल १८८८ ला, बर गावच्या एका शेतात. टिपरेरीकडून उतरला थर्ल्सचा क्लब, गॉलवेकडून मीलिक गावचा, आणि थर्ल्स जिंकलं. काउंटीचा निवडक संघ ही कल्पना तेव्हा नव्हती, काउंटीतला विजेता क्लब हाच काउंटी. गेलिक फुटबॉलचं (हात आणि पाय दोन्ही वापरून खेळायचं आयरिश फुटबॉल) पहिलं विजेतेपद तर लिमरिकच्या ‘कमर्शियल्स’ने नेलं, आणि नावावरूनच कळतं ही कुठल्या कुरणातली पोरं नव्हेत. शहरातल्या दुकानांत काउंटरमागे उभे राहणारे नोकर होते ते. खेडं, चर्च आणि क्लब ही त्रिमूर्ती पुढे घडत गेली. घडवलेल्या गोष्टीचा अभिमान बाळगू नये असं नाही, पण ती घडवलेली आहे हे मान्य केलं तर पुढे काही नवं घडवता येतं.

आता बेरीजवाल्यांकडे. त्यांची बाजू रुक्ष असली तरी वजनदार आहे, आणि तिला ‘परंपरेचे शत्रू’ म्हणून झटकून टाकणं हा शुद्ध आळस आहे. त्यांचा पहिला मुद्दा पोरांचा. नऊ जणांना सामना मिळत नाही. बारा वर्षांच्या मुलाला भरती म्हणून सोळावाल्यांत उभं करतात, तो दोनदा आपटतो आणि तिसऱ्या रविवारी येत नाही. क्लबचं नाव वाचवायला पोराचं खेळणं गेलं, तर काय वाचवलं? दुसरा मुद्दा माणसांचा. खेड्यातला क्लब पाच-सहा जणांच्या खांद्यावर असतो. तोच खजिनदार, तोच गवत कापतो, त्याचीच बायको दर आठवड्याची लॉटरीची पाकिटं घरोघर पोचवते, मुलांच्या सुरक्षेचे कागद तिनेच भरायचे, विम्याचेही तिनेच. जीएए हौशी आहे, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८२,००० प्रेक्षकांपुढे खेळणाऱ्यालाही पगार नाही, मग या माणसांना कुठला? थकलेल्या दोन गटांचा एक गट केला तर निदान कामं वाटली जातील. तिसरा मुद्दा सर्वांत अवघड: विलीनीकरणं यशस्वी झालेली आहेत. किलकेनी काउंटीतला बॅलीहेल शॅमरॉक्स घ्या. १९७२ मध्ये एकाच पॅरिशमधले जुने संघ एका नावाखाली आले आणि नऊ वर्षांत, १९८१ ला, अखिल आयर्लंड क्लब विजेते झाले, संघात एकाच फेनली घराण्यातले सात सख्खे भाऊ! पुढे याच क्लबातून हेन्री शेफलिन निघाला, किलकेनीसाठी दहा अखिल आयर्लंड पदकं मिळवणारा. आजवर या क्लबाकडे हर्लिंगची नऊ क्लब विजेतेपदं आहेत, इतर कुणाहीपेक्षा जास्त. ज्याला विलीनीकरण म्हणजे मरण वाटतं त्याने बॅलीहेलला जाऊन यावं.

मी तिन्ही मुद्दे मान्य करतो. निष्कर्ष मान्य करत नाही.

बॅलीहेलचंच बघू. तिथे काय एकत्र आलं? एकाच पॅरिशमधली, एकमेकांच्या लग्नांत जेवलेली घरं. ती वेगळी होती हेच आश्चर्य. आणि घरं कशी, तर एका छपराखाली सात-सात मुलगे असलेली. ती जोडणी सुबत्तेची होती. आज आमच्याकडे जे चाललंय ती टंचाईची जोडणी आहे. नऊ अधिक आठ सतरा हे यंदाचं झालं. पाच वर्षांनी? खालच्या वयोगटांकडे बघा, तिथे सहा आणि पाच आहेत. बेरीज अकरा. मग तिसऱ्या पॅरिशला जोडायचं, मग चौथ्या. दोन दुष्काळी तालुके एकत्र केल्याने पाऊस पडत नाही, फक्त टँकरची फेरी लांबते. लिट्रिम काउंटीची लोकसंख्या १८४१ मध्ये दीड लाखाच्या वर होती, १९९६ ला ती २५,००० वर आली, २०२२ ला वाढून ३५,००० झाली. ती घसरण दुष्काळाने, स्थलांतराने आणि घरं-नोकऱ्यांच्या अभावाने झाली. विलीनीकरणाने यातलं काहीच थांबत नाही. गावात घर बांधायची परवानगी न मिळालेलं जोडपं जोडक्लबातही मूल घालायला येत नाही.

आणि हा हिशेब आपण पूर्वी पाहिलेला आहे, म्हणून मला त्याची भीती वाटते. २०१२ आणि २०१३ मध्ये मिळून या देशात १३९ पोलिस ठाणी बंद झाली, बहुतेक खेड्यांतली. २०१८ ला दीडशेहून अधिक पोस्ट ऑफिसं गेली. त्याआधी १९६० च्या दशकात एक-दोन शिक्षकी शाळा मोठ्या शाळांत मिसळायला घेतल्या होत्या. वेस्ट क्लेअरची छोटी रेल्वे १९६१ ला बंद पडली. यातला प्रत्येक निर्णय वेगवेगळा तपासलात तर बरोबर होता. ठाण्यात आठवड्याला दोन तक्रारी, पोस्टात दिवसाला दहा माणसं, गाडीत चार प्रवासी. महाराष्ट्रात वीसच्या खाली पट असलेल्या शाळांबद्दल जे कागद फिरतात त्यांतली भाषा मला इथे ओळखीची वाटते: संसाधनांचा सुयोग्य वापर, मुलांचं हित, मोठ्या गटात सामाजिकीकरण. वाक्य न वाक्य खरं. आणि सगळे खरे निर्णय झाल्यावर गावात काय उरतं? इथे उरला तो क्लब. कारण ठाणं, पोस्ट, रेल्वे डब्लिनने दिली होती आणि डब्लिनने नेली. क्लब कुणी दिला नव्हता. तो न्यायचा अधिकार फक्त आपल्याकडे आहे, आणि आपण तो डब्लिनच्याच तर्काने वापरायला निघालोय.

क्लब म्हणजे नेमकं काय हे मला पहिल्यांदा कळलं ते एका मयताला. शेजारच्या म्हातारीचं दफन होतं. ती आयुष्यात कधी खेळली नव्हती, तीस वर्षं जर्सी धुवायची. चर्चच्या दारापासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना क्लबच्या जर्सीतली माणसं, आठ वर्षांच्या पोरांपासून साठीच्या बाप्यांपर्यंत, पावसात उभी होती. पेटी मधून गेली. कुणी काही बोललं नाही. रस्त्यावर वाहतूक सांभाळायला पिवळ्या जाकिटातले आम्ही. नंतर क्लबहाउसात सँडविच, आणि कुणाच्या तरी हातात कॅलेंडर: मैदानाला रेघा मारायची पाळी कुणाची, कुणाच्या गाईची वीण कधी, कुणाच्या मुलाला गॉलवेला सोडायला गाडी हवी. विलीन झालेल्या क्लबचं मैदान अकरा किलोमीटरवर असेल. त्या मैदानावर पंधरा खेळतील, मान्य. या रस्त्यावर पावसात कोण उभं राहील?

हे भावनिक वाटत असेल तर जमिनीची गोष्ट घ्या, ती अगदीच व्यवहारी आहे. खेड्यातल्या क्लबची खरी मालमत्ता करंडक नसतो, मैदान असतं. ब्रिटिश अमलाखालच्या उत्तर आयर्लंडमधल्या, आर्मा काउंटीतल्या क्रॉसमॅग्लेन रेंजर्सने ते किती महागात राखलं! सीमेलगतचं दीड-दोन हजार वस्तीचं गाव, क्लबची स्थापना १८८७. १९७० च्या दशकात ब्रिटिश लष्कराने मैदानाला खेटून तळ ठोकला, मैदानाचा काही भागही घेतला. पुढची कित्येक वर्षं टेहळणी मनोऱ्याच्या सावलीत सराव चालला आणि खेळ चालू असताना डोक्यावरून हेलिकॉप्टरं उतरत राहिली. त्या काळात कुणी कागदावर बेरीज करून ‘हे मैदान सोडा, सुरक्षित गावातल्या क्लबला जोडून घ्या’ म्हटलं असतं तर तेही तर्कशुद्धच ठरलं असतं. त्यांनी सोडलं नाही. १९९७ ते २०१२ या काळात याच क्लबने सहा वेळा अखिल आयर्लंड क्लब फुटबॉल जिंकलं. लष्कर गेलं, मैदान तिथेच आहे. गावाने सोडलेलं मैदान परत मिळत नाही. तिथे दोन वर्षांत गाई चरतात आणि दहा वर्षांत बंगले उठतात.

मग पोरांच्या सामन्याचं काय? याचं उत्तर नव्याने शोधायलाही नको. मन्स्टर प्रांतात ते कधीचंच चालू आहे. केरी आणि कॉर्कमध्ये लहान क्लब आपापल्या पातळीवर आपापल्या नावाने खेळतात, आणि त्यांच्यातले चांगले खेळाडू विभागाच्या जोडसंघातून काउंटीच्या वरिष्ठ स्पर्धेत उतरतात. पूर्व कॉर्कचा असा जोडसंघ, इमोकिली, २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं कॉर्कचं वरिष्ठ हर्लिंग जिंकला. एकही क्लब त्यासाठी बुडाला नाही. याहून बोलकं उदाहरण डेव्हिड क्लिफर्डचं. या पिढीतला सर्वोत्तम गेलिक फुटबॉलपटू कोण यावर इथे फारसा वाद होत नाही. त्याचा क्लब फॉसा, किलार्नीच्या पश्चिमेला तलावाकाठचा चिमुकला पॅरिश. ईस्ट केरीच्या जोडसंघातून तो काउंटीचं वरिष्ठ विजेतेपद जिंकतो, केरीकडून जुलै २०२२ मध्ये अखिल आयर्लंड जिंकतो, आणि सहा महिन्यांत, जानेवारी २०२३ मध्ये, भाऊ पॉडीबरोबर फॉसाच्या जर्सीत कनिष्ठ, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या, क्लबांची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकतो. त्या सामन्यात शेवटी त्याला लाल कार्डही मिळालं, इतक्या पोटतिडकीने तो खेळत होता. तीन संघ, क्लब एकच. जोडसंघात खेळल्याने त्याचं फॉसापण कमी झालं का?

कुणी म्हणेल, एका पोराने दोन जर्सी घालायच्या हे गोंधळाचं आहे. पण ही गोष्ट इथल्या परंपरेतलीच आहे, फक्त उलट दिशेने! कॉर्क शहराच्या ब्लॅकपूल भागात हर्लिंगला ग्लेन रोव्हर्स आणि फुटबॉलला सेंट निकोलस. गल्ली तीच, पोरं तीच, नावं दोन, क्लब दोन. हर्लिंग आणि फुटबॉल दोन्ही खेळणाऱ्या पट्ट्यात अशा जोड्या कितीतरी सापडतात. एका गल्लीला दोन क्लब चालवता येत असतील तर दोन क्लबांना एक संघ का चालवता येऊ नये?

आता तो पंधराचा आकडा. सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो आणि सभेत एकानेही त्याला हात लावला नाही. जीएएच्या सुरुवातीच्या सामन्यांत एका बाजूला एकवीस जण असत. १८९२ मध्ये ते सतरा झाले. १९१३ मध्ये पंधरा. गुणांचंही तसंच. आधी एक गोल कितीही पॉइंटांना (चेंडू गोलाच्या आडव्या दांडीवरून गेला की पॉइंट) भारी असायचा, म्हणजे समोरच्याने वीस पॉइंट केले तरी तुमचा एक गोल पुरे. १८९२ ला गोलाची किंमत पाच पॉइंट ठरली, १८९६ ला तीन. पहिल्या तीस वर्षांत या लोकांनी खेळाची मोडतोड करत तो खेळण्यासारखा केला. अलीकडे २०२५ मध्ये फुटबॉलमध्ये चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन पॉइंट द्यायचं ठरलं, कारण सामने कंटाळवाणे झाले होते. प्रेक्षक कंटाळला म्हणून नियम बदलता येतो, आणि गाव रिकामं झालं म्हणून नाही? नऊ विरुद्ध नऊ, आखूड मैदान, खेड्यांच्या गटासाठी वेगळी साखळी. लहान वयात हे चालतंच, ते सोळा-अठरापर्यंत आणि कनिष्ठ प्रौढ गटापर्यंत सन्मानाने न्यायला काय हरकत आहे? ‘सन्मानाने’ हा शब्द मुद्दाम वापरला. आज नऊंच्या सामन्याकडे ‘बिचाऱ्यांची सोय’ म्हणून बघतात. एकवीसवाले पंधरांकडे तसंच बघत असणार.

शिवाय मोजायचंच आहे तर नीट मोजा. सेक्रेटरीच्या कागदावर नऊ मुलं होती. मुली किती, हा प्रश्न त्या कागदात नव्हताच. इतिहासाने ही सवय लावली आहे: कॅमोगीची संघटना वेगळी, १९०४ ची, मुलींच्या फुटबॉलची त्याहून वेगळी, १९७४ ची (जन्म थर्ल्सच्या त्याच हॉटेलात, हा योगायोग मला फार आवडतो). या तिन्ही संघटना एका छताखाली आणायची बोलणी माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस यांच्या अध्यक्षतेखाली चालली आहेत आणि २०२७ हे साल ठरवलेलं आहे. एका घरातला मुलगा एका संस्थेचा सभासद, मुलगी दुसऱ्या, आणि ‘क्लब टिकेल का’ हे मुलाच्या यादीवरून ठरवायचं, हा कुठला हिशेब?

डेरी काउंटीतलं स्लॉटनील या बाबतीत बघण्यासारखं आहे. कार्नटोहर डोंगराच्या पायथ्याची विखुरलेली घरं, धड गावठाणही नाही. जवळचं मोठं गाव माहेरा. मराठी कानाला या नावाने उगाच बरं वाटतं. क्लबचं नाव रॉबर्ट एमेट, १८०३ मध्ये फाशी गेलेला बंडखोर. स्थापना १९५३ ची, ज्या वर्षी पश्चिम टोकाच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरचे शेवटचे रहिवासी सरकारने होडीत घालून मुख्य भूमीवर आणले, त्याच वर्षाची. १९९० च्या दशकात इथल्या लोकांनी ठरवलं की मेलेली मानली गेलेली आयरिश भाषा परत घरात आणायची. बालवाडी काढली, शाळा काढली, दुकान-केंद्र काढलं, आणि क्लब या सगळ्याच्या मधोमध ठेवला. २०१६ मध्ये या एका क्लबने अल्स्टर प्रांताची तिन्ही विजेतेपदं घेतली: हर्लिंग, फुटबॉल आणि कॅमोगी. डेरीच्या क्लबने अल्स्टरचं हर्लिंग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. हर्लिंग आणि फुटबॉलमध्ये बरीचशी माणसं तीच, एका आठवड्यात काठी, दुसऱ्यात चेंडू. मार्च २०१७ मध्ये मुलींनी अखिल आयर्लंड जिंकलं, पुढची दोन वर्षंही. मुलं त्याच मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या दिवशी क्रोक पार्कवर फुटबॉलचा अंतिम सामना १-९ विरुद्ध १-७ (आधी गोल, मग पॉइंट) असे, म्हणजे दोन पॉइंटांनी, हरली. लोकसंख्या बघून कुणी या क्लबला दोन खेळांतून एक निवडायचा सल्ला दिला असता, मुली मोजल्याच नसत्या. त्यांनी निवडलं नाही. सगळ्यांना सगळ्यात घातलं. प्रत्येक गाव स्लॉटनील होऊ शकत नाही, हे मलाही कळतं. पण नऊंचा आकडा वाचण्यापूर्वी कोण कोण मोजायचं राहिलं एवढं तिथून शिकता येतं.

राहिलेल्यांत नवे लोकही आहेत. मेयो काउंटीतल्या बॅलीहॉनिसमध्ये २०१६ च्या जनगणनेत दहातले जवळजवळ चार जण बिगर-आयरिश होते, मांसप्रक्रियेच्या कारखान्यामुळे आलेले. गॉलवेतल्या गॉर्टमध्ये ब्राझीलची घरं आहेत. गावात मुलं नाहीत असं म्हणताना बरेचदा अर्थ असतो की आपल्या आडनावांची मुलं नाहीत. माझ्या मुलीला काठी पहिल्यांदा कुणी दिली? कुणीच नाही, तिने शाळेतून उचलून आणली आणि घरात पहिल्याच दिवशी ट्यूबलाइट फोडली.

शहरांचं एवढंच म्हणतो की ‘आकार योग्य हवा’ हा नियम असेल तर तो दोन्हीकडे लावा. दक्षिण डब्लिनच्या किलमाकड क्रोक्सकडे सुमारे पाच हजार सभासद आहेत आणि त्यांचाही वरिष्ठ संघ पंधरांचाच. बाकीच्यांनी काय करायचं? जानेवारी २०२३ च्या अखिल आयर्लंड क्लब फुटबॉलच्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी किलमाकडचे पंधरांहून जास्त खेळाडू मैदानात होते. समोर माहेराचाच ग्लेन क्लब. पुन्हा सामना खेळवायचा निर्णय झाला, आक्षेप-अपील झाली, शेवटी ग्लेनने माघार घेतली. एकीकडे पंधरा जमत नाहीत म्हणून क्लब मोडायची चर्चा, दुसरीकडे पंधरांत मावत नाहीत. लहानांना जोडण्याच्या योजना खूप ऐकल्या, मोठ्यांना तोडण्याची एकही धीट योजना कानावर आली नाही.

थकलेल्या पाच-सहा माणसांच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दोन क्लबांनी खजिनदार, विमा, मुलांच्या सुरक्षेचे कागद, गवत कापायचं यंत्र वाटून घ्यावं, हे सुचतं. त्यासाठी नाव, मैदान आणि जर्सी एक करावी लागत नाही. पण जी बाई तीस वर्षं जर्सी धुते, तिच्या जागी कुणी नवी उभी राहते का, हे कुठल्याही घटनेत लिहून ठरवता येत नाही. विलीन झाल्यावरही ते ठरत नाहीच. उलट मोठ्या क्लबात ‘दुसरा कुणीतरी करेल’ म्हणणं सोपं जातं. मी पार्किंगला उभा राहतो ते क्लबवरच्या श्रद्धेने नव्हे. आमच्या रस्त्यावरून दुसरा कुणी उपलब्ध नव्हता म्हणून.

ठराव येत्या डिसेंबरात पुन्हा येणार आहे. मी सेक्रेटरीला तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. मुलींची यादी, सगळ्या वयोगटांची, एकतीस नावं. शेजाऱ्यांबरोबर फक्त सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी जोडसंघाचा मसुदा, एका वर्षापुरता. आणि तिसरी विनंती अशी की सभेच्या दिवशी चहाची टाकी दुसऱ्या भिंतीला लावा, म्हणजे तो फोटो दिसेल. यादी आणि मसुदा त्याने ठेवून घेतला. टाकीचं म्हणाला, प्लग त्याच भिंतीला आहे.